ग्नू रेडिओ अडखळतो तेव्हा: 'टॉप' आणि 'परफ', की परफॉर्मन्स मॉनिटर?

ग्नू रेडिओ म्हणजे एकेक काम करणारे 'ब्लॉक' जोडून रेडिओ संकेत हाताळणारे सॉफ्टवेअर. ते चालताना टर्मिनलवर 'ओ'ची (ओव्हरफ्लोची) रांग लागली की सॅम्पल, म्हणजे संकेताची एकेक मोजमापे, गळताहेत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. अवघड असते ते कोणत्या ब्लॉकने वाट अडवली हे शोधणे. भुसावळला घरी, जुन्या दोन कोरच्या लॅपटॉपवर आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीवरचा रेडिओ रिसीव्हर) लावून मी दोन्ही रस्ते वापरले. एक लिनक्सचे 'टॉप -एच' (प्रत्येक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमचा वेगळा चालणारा धागा, किती सीपीयू खातो ते दाखवणारे) आणि जोडीला 'परफ' (कोणते फंक्शन वेळ खाते ते मोजणारे). दुसरा ग्नू रेडिओचे स्वतःचे परफॉर्मन्स काउंटर आणि त्यांचा आलेख दाखवणारा मॉनिटर.

मॉनिटर खरोखर चांगला आहे. कोणता ब्लॉक किती वेळ खातो आणि बफर (दोन ब्लॉकमधली सॅम्पलची तात्पुरती साठवण) किती भरलेत, दोन्ही दिसते. इनपुट बफर तुडुंब आणि आउटपुट रिकामा, म्हणजे खोळंबा त्याच ब्लॉकपाशी. 'टॉप'ला हे कळत नाही. डोंगल आणि साउंडकार्ड यांची घड्याळे एका चालीने चालत नसतील तर सीपीयू निवांत असूनही आवाज तुटतो. तिथे बफरच पाहावा लागतो.

पण मॉनिटरला कंट्रोलपोर्ट (चालू प्रोग्रॅममधले आकडे बाहेर देणारी ग्नू रेडिओची सोय) लागतो आणि कंट्रोलपोर्टला थ्रिफ्ट ही लायब्ररी. माझ्याकडच्या तयार पॅकेजात ते नव्हते, म्हणून सगळे सोर्स कोडपासून बांधायला (कंपाइल करायला) घेतले. मे महिना, दुपारचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला, लॅपटॉपला हात लावता येत नव्हता आणि मध्येच वीज गेली. रात्री उशिरा बांधून झाले. हौसेने मॉनिटर उघडला, तर 'ओ' आणखी वाढले! दोनच कोर, त्यात आलेख काढणाराही वाटेकरी. मग दिसतो तो दोष प्रोग्रॅमचा की मोजण्याचा, हे सांगता येईना. माझे मन तिथेच फिरले.

'टॉप -एच'ला काही बांधावे लागत नाही. ग्नू रेडिओ प्रत्येक ब्लॉकला वेगळा थ्रेड देतो आणि थ्रेडला ब्लॉकचे नाव. नाव पंधरा अक्षरांतच बसवलेले असते, त्यामुळे दोन सारखे फिल्टर असले तर मागच्या आकड्यावरून ओळखावे लागतात, एवढी अडचण आहे. माझ्याकडे लो-पास फिल्टर (ठरावीक मर्यादेवरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा ब्लॉक) एकटाच अख्खा कोर खात होता. सेकंदाला २.४ मेगासॅम्पलवर २ किलोहर्ट्झचा ट्रान्झिशन (जाऊ देणे आणि अडवणे यांमधला पट्टा) ठेवलेला, म्हणजे हॅमिंग विंडोने (फिल्टर आखायची एक पद्धत) सुमारे २,९०० टॅप (फिल्टरचे गुणक; जितके जास्त, तितके काम जास्त). त्यात डेसिमेशन (किती सॅम्पलमागे एक ठेवायचा तो आकडा) १, आणि सॅम्पल कमी करायचे काम पुढच्या ब्लॉककडे. टाकूनच द्यायचे सॅम्पलही आधी पूर्ण गाळले जात होते. फिल्टरमध्येच डेसिमेशन ५० केले, तसा तो थ्रेड यादीत खाली गेला. 'परफ' मी त्यानंतर, ब्लॉकच्या आत कोणते फंक्शन जड आहे हे पाहायला उघडतो.

स्वतःचे ब्लॉक लिहीत असाल आणि चार-आठ कोर हाताशी असतील, तर मॉनिटर बांधण्याचे कष्ट कदाचित वसूल होतील. बाकीच्यांनी, माझ्या मते, 'टॉप -एच'पासूनच सुरुवात करावी. एक मात्र लक्षात ठेवा: सगळ्याच ब्लॉकचा वापर एकदम वाढलेला दिसला तर फिल्टरला हात लावू नका, आधी सीपीयूचा वेग पाहा. आमच्याकडे एप्रिलपासून दुपारी तापलेला लॅपटॉप स्वतःच वेग उतरवतो आणि हिवाळ्यात सुरळीत चालणारा फ्लोग्राफ (जोडलेल्या ब्लॉकची साखळी) सॅम्पल गाळू लागतो. त्या दिवसांत मी सॅम्पल रेट १.२ मेगावर आणतो, नाहीतर रात्री गच्चीवर बसतो.