नऊ वर्षांच्या मुलीसाठी संघ निवडताना: अंधेरीचा फुटबॉल की मुंबईची रणजी?

माझ्या ताईच्या मुलीला खेळाचा नाद लावायचाय. "अंधेरीला फुटबॉलला नेऊ की रणजीला?" ताईने विचारलं. तिकीट, लोकलची गर्दी, डबा हे सगळं नंतर बघता येतं. मी तिला आधी एवढंच विचारलं, की उद्या हा संघ शहर सोडून गेला तर पोरीला काय सांगशील?

असं खरंच घडतं. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला आणि आयएसएल या देशातल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली. त्याच वर्षी दिल्ली डायनॅमोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. पुढे २०२५ मध्ये तो हैदराबादचा संघ दिल्लीला गेला, स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने. दिल्लीचा एक संघ गेला नि दुसरा आला. पुण्यात बालेवाडीच्या मैदानावर घसा फोडून ओरडणाऱ्या पोरांच्या हाती मात्र काहीच उरलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

संघ का हलतात हे अमेरिकेत सगळ्यात उघडपणे दिसतं. तिथल्या एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, टीव्हीचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटले जातात. त्यामुळे मालकाची जास्तीची कमाई ठरते ती मैदानावर: महागडे कक्ष, पार्किंग, जाहिराती. जुन्या मैदानात हे जमत नसेल, तर मालक नवं मैदान बांधून देणारं शहर शोधतो. ओकलंडचा रेडर्स २०२० मध्ये लास वेगासला गेला, कारण नेवाडाने हॉटेलांच्या खोल्यांवरच्या करातून मैदानासाठी ७५ कोटी डॉलर उभे केले. ओकलंडकरांचं प्रेम आटलं म्हणून संघ गेला, असं कुणी म्हणू नये. त्या स्टँडमधले लोक शेवटपर्यंत येत होते.

म्हणून संघ निवडताना दोन गोष्टी बघा. संघ विकता येतो का, आणि मैदान कुणाचं?

अंधेरीचा संघ म्हणजे मुंबई सिटी एफसी. तो २०१४ मध्ये सुरू झाला, आधी नेरुळला खेळला, २०१६ पासून अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात. ते मैदान पालिकेचं, संघ खाजगी मालकांचा. हिस्सेदारी बदलत आली आहे. २०१९ मध्ये परदेशी समूहाने मोठा वाटा घेतला आणि २०२५ च्या अखेरीस तो सोडला. हा संघ जाईल असं मी म्हणत नाही, पण त्याला इथे बांधून ठेवणारं फारसं काही नाही, हे डोळे उघडे ठेवून स्वीकारावं लागतं. बाकी मजा मात्र पुरेपूर. आझादनगर मेट्रोपासून चालत जाता येतं, दिव्यांच्या उजेडात हिरवंगार मैदान दिसतं, स्टँडमध्ये ढोल घुमतो आणि दोन तासांत खेळ आटोपतो. लहान मुलाला पहिल्याच दिवशी वेड लावण्यात अंधेरी नक्कीच पुढे.

रणजीचा संघ मुंबई क्रिकेट असोसिएशनचा. तो कुणी विकत घेऊन इंदूरला नेऊ शकत नाही. गंमत म्हणजे पैशांवरून नि जागांवरून भांडण मुंबईतही झालं होतं. ब्रेबर्न मैदानावरच्या सामन्यांना बसायच्या जागा कुणाला किती, यावरून ते मैदान चालवणाऱ्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी बिनसलं, तेव्हा असोसिएशनने सुमारे तेरा महिन्यांत वानखेडे उभं केलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. भांडण तेच, अमेरिकेतलंच म्हणा ना, पण इथे संघ चालत दहा मिनिटांच्या अंतरावर गेला. कारण तो शहराचाच होता.

खेळाडू मात्र जातात, हे ताईला सांगून ठेवलंय. मुंबईचा फलंदाज पृथ्वी शॉ २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या वेगळ्या रणजी संघाकडे गेला. बरेच सामने वानखेडेऐवजी बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) मैदानावर होतात, कामाच्या दिवशी होतात आणि चार दिवस चालतात. मोठी नावं क्वचितच दिसतात. पण रिकाम्या स्टँडमध्ये बसलं की बॅटवर आलेल्या चेंडूचा आवाज थेट कानात शिरतो, स्लिपमधल्या पोराचं "शाब्बास" ऐकू येतं. ४२ वेळा रणजी जिंकलेल्या संघाला इतक्या जवळून बघणं टीव्हीवर मिळत नाही.

आयपीएल मी या निवडीत धरली नाही. तिथलाही संघ मालकाचाच, आणि तिकिटांचा खर्च वेगळा. शिवाय २०१६ मध्ये दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर पाठवले, तेव्हा मुंबई इंडियन्सचे "घरचे" सामने विशाखापट्टणमला झाले होते.

माझं मत रणजीला. अंधेरीलाही न्यावं, पण मजा म्हणून. नाळ जोडायची ती रणजीशी. ताईने सुट्टीच्या दिवसाचा सामना धरलाय. सकाळी साडेनऊला पहिला चेंडू, त्यामुळे आठला निघायचं आणि भाचीच्या डब्यात भाजी-पोळी.