जुन्या सदनिकेत तांब्याचे नवे वायरिंग : एका ठेकेदाराच्या कामाचे परीक्षण

कोथरूडमधील आमची इमारत १९७०च्या दशकातील असून, तांबे महाग असल्याने त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तारा आमच्या सदनिकेत आजवर लाकडी पट्टीवरच होत्या. गीझर, एसी आणि इंडक्शन शेगडी यांचा भार त्यांच्यावर टाकणे धोक्याचे झाल्यामुळे संपूर्ण घराचे वायरिंग तांब्याच्या तारांनी नव्याने करण्याचे काम आम्ही परिसरातील एका परवानाधारक विद्युत ठेकेदाराला दिले. विजेच्या कामात हा ठेकेदार अत्यंत काटेकोर निघाला. भिंतींच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही.

पहिल्याच भेटीत त्यांनी अर्धवट काम करण्यास नकार दिला, हे मला विशेष आवडले. केवळ स्वयंपाकघरापुरत्या तांब्याच्या तारा टाकून त्या जुन्या ॲल्युमिनियमला पीळ देऊन जोडाव्यात, असा स्वस्त पर्याय दुसऱ्या एका वायरमनने सुचवला होता. अशा सांध्यात ओल शिरली की दोन भिन्न धातूंमुळे गंज धरतो. शिवाय ॲल्युमिनियमवर वीज अडवणारा ऑक्साइडचा थर तयार होतो आणि तापल्यावर ते तांब्यापेक्षा अधिक प्रसरण पावत असल्याने स्क्रूखालील पकड हळूहळू ढिली पडते. बोर्ड काळा पडण्याचे कारण बहुतेक वेळा तारेपेक्षा हा ढिला सांधाच असतो.

दर ठरवताना सामानासह आणि केवळ मजुरीचा, असे दोन्ही पर्याय त्यांनी दिले. आम्ही मजुरीचा दर स्वीकारून वायर बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून स्वतः आणली. थोडी पायपीट झाली, तरी हा निर्णय योग्य ठरला. घेतलेली वायर आपल्या पिंपरीच्या फिनोलेक्सची, आग सहज न पसरवणारी आणि जळाल्यास कमी धूर करणारी आहे. खरेदी करताना वायरवर आयएस ६९४ हा मानक क्रमांक आणि आयएसआय चिन्ह आहे ना, हे पाहावेच. त्याबरोबर गुंडाळी हातात घेऊन तिचे वजनही पाहावे. दीडच्या, म्हणजे १.५ चौरस मिलिमीटरच्या, ९० मीटर तारेत हिशेबाने सव्वा किलोच्या आसपास तांबे भरते, त्यामुळे संशयास्पद हलकी गुंडाळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

दिव्यांसाठी आणि पंख्यांसाठी दीडची, १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटसाठी अडीचची आणि गीझर व एसीसाठी डीबीपासून, म्हणजे घराच्या मुख्य वितरण पेटीपासून, थेट स्वतंत्र चारची वायर टाकण्यात आली असून, जुन्या वायरिंगमध्ये जिचा पत्ताच नव्हता अशी अर्थिंगची हिरवी तार प्रत्येक सॉकेटपर्यंत पोहोचली आहे. पाइपच्या आत एकही जोड ठेवलेला नाही. जे सांधे आहेत ते बोर्डात किंवा उघडता येणाऱ्या जंक्शन बॉक्समध्येच आहेत. कारागिराचे कौशल्य मला सर्वाधिक जाणवले ते न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेच्या, बाबतीत. इन्व्हर्टरवरील दिव्यांचा न्यूट्रल बाकीच्या घराच्या न्यूट्रलमध्ये मिसळला, तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, विनाकारण पडत राहते आणि वैतागून लोक ती काढूनच टाकतात. येथे दोन्ही न्यूट्रल आरंभापासून वेगळे ठेवले गेले, आणि पावसाळ्यात गॅलरीच्या भिंतीला ओल येऊनही आमची आरसीसीबी एकदाही अकारण पडलेली नाही. काम संपल्यावर उपकरणे जोडण्यापूर्वी त्यांनी मेगर हे तपासणी यंत्र लावून ५०० व्होल्टवर तारांचे इन्सुलेशन तपासले आणि प्रत्येक सर्किटचा आकडा आम्हाला दाखवला. घरगुती कामात ही तपासणी बहुतेक जण टाळतात.

तक्रार भिंतींविषयी आहे. मार्ग आखून देऊनही कामगारांनी पाइप वाचवण्यासाठी शयनगृहातील चार इंची भिंतीत बरीच लांब आडवी झिरी, म्हणजे पाइप बसवण्याची खाच, पाडली. एवढ्या पातळ भिंतीत आडवी खोल झिरी तिला कमकुवत करते आणि पुढे कोणी तेथे खिळा ठोकला तर आत वायर असल्याची कल्पनाही त्याला येत नाही. झिरी उभी आणि बोर्डाच्या सरळ रेषेतच असावी. आक्षेप घेतल्यावर ती बुजवून मार्ग बदलण्यात आला. बुजवलेल्या झिऱ्यांवर मात्र गिलावा घाईने मारल्याने काही ठिकाणी तडे गेले आहेत. धुळीबाबतही पूर्वकल्पना दिली गेली नाही. राहत्या घरात हे काम करणाऱ्यांनी कपाटे आधीच प्लॅस्टिकने झाकून ठेवावीत आणि शक्य असल्यास मुक्काम नातेवाइकांकडे हलवावा.

पाइप कोणत्या भिंतीतून गेले आहेत याचा आराखडा आणि डीबीतील कोणती एमसीबी (भार वाढल्यास आपोआप बंद होणारा स्विच) कशाची आहे याची यादी मागितल्यावरच मिळाली, पण मिळाली ती सुवाच्य आणि अचूक होती. उरलेल्या वायरचे तुकडेही त्यांनी मोजून परत दिले, हे तांब्याच्या आजच्या भावात नोंदवण्यासारखे आहे. आमच्या सासूबाईंच्या सदनिकेचे वायरिंग याच ठेकेदाराकडे देण्याचे ठरले आहे. झिऱ्या पाडणे आणि बुजवणे यासाठी मात्र गवंडी आम्ही वेगळा नेमणार आहोत.