नदीकाठचं खाजगी रान राखायचं तर: करार की समुदाय राखीव?

ज्यांची वडिलोपार्जित वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, सह्याद्रीच्या पायथ्याला आहे आणि खालून घळीतून नदी वाहते, त्यांच्या दारात लाकडाचा ठेकेदार कधी ना कधी येतोच. उक्ती रक्कम सांगतो आणि विचार करा म्हणून निघून जातो. शास्त्री नदीच्या वरच्या अंगाला आमचं असंच रान आहे. ते राखायचं हे आमचं ठरलेलं होतं, प्रश्न फक्त कसं एवढाच होता. दोन्ही वाटांची चौकशी करून आम्ही एक धरली, म्हणून हे लिहितो.

कागदावर समुदाय राखीव भक्कम आहे, यात वाद नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने कलम 36 सी आलं. मालकाने स्वतःहून तयारी दाखवली की राज्य सरकार खाजगी जमीनही राखीव जाहीर करू शकतं. मालकी आपलीच राहते, पण व्यवस्थापन समितीचा ठराव आणि वर सरकारची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलत नाही. उद्या पोरांनी प्लॉटिंगवाल्याला विकली तरी अट जमिनीबरोबर जाते. पूर्वी समितीत ग्रामपंचायतीने नेमलेले किमान पाच आणि वनखात्याचा एक अशी रचना होती. 2022 च्या दुरुस्तीने खाजगी जमिनीसाठी समितीत मालकाला जागा दिली. (आमच्या सातबाऱ्यावर मालक म्हणजे नेमका कोण, हे ठरवायलाच वेगळी समिती लागेल.)

दुसरी वाट संवर्धन कराराची. संस्था ठराविक वर्षांसाठी करार करते, मोबदला देते आणि आपण झाडं तोडायची नाहीत. संगमेश्वर परिसरात पुण्याची एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन) ही संस्था असं काम बरीच वर्षं करते आहे. बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड, म्हणजे रानातला माल झाडं राखून गोळा केल्याचं, प्रमाणपत्र मिळवून त्यातून उत्पन्न उभं करायचा तिचा प्रयत्नही माहीतगारांना ठाऊक असेल. हे फळांचं गणित मला आवडतं. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते, नर फटीतून तिला भरवतो आणि त्याच झाडाखाली आपण फळं वेचतो. झाड उभं राहण्यात दोघांचाही फायदा.

आता आमचं कुठे अडलं ते सांगतो. सह्या.

सातबारा सामाईक. कब्जेदारांत कधीच वारलेले आजोबा अजून हजर, वारसनोंदी अर्धवट, आत्यांची नावं माहेरचीच. सगळे एकत्र भेटणार ते गणपतीत, तेही आरती आणि परतीच्या गाडीचं रिझर्वेशन यांच्या मधल्या वेळात. तेव्हा कागद पुढे केला. 'दहा वर्षं तोडायचं नाही' म्हटल्यावर काकांनी चष्मा मागितला. 'कायमचं राखीव' म्हटल्यावर चष्मा परत खिशात गेला. त्यांना दोष देता येत नाही. 30 ऑगस्ट 1975 ला खाजगी वनांचा संपादन कायदा लागू झाला, तेव्हापासून इकडच्या जुन्या माणसांना सातबाऱ्यावर वनाचा शेरा म्हणजे जमीन गेली असंच वाटतं. 36 सी मध्ये जमीन जात नाही, हे मी परोपरीने सांगून पाहिलं. 'वन' हा शब्द ऐकल्यावर पुढचं कोणी ऐकत नाही.

करारात तसं झालं नाही. ज्यांच्या सह्या आल्या त्यांच्या वहिवाटीचा, नदीलगतचा पट्टा आधी घेतला. बाकीचे बघून बघून आले. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबलो असतो तर तोवर कटर फिरून गेला असता.

कराराची कच्ची बाजूही आहे. मुदत संपत आली की ठेकेदाराला कसा कोण जाणे सुगावा लागतो. मोबदलाही त्याच्या उक्त्या रकमेसमोर किरकोळच दिसतो. पण मला वाटतं, आमच्यासारख्या भावकीत दर खेपेला नव्याने मिळणारा होकार हा कधीच न मिळणाऱ्या कायमच्या होकारापेक्षा बरा. उतार उघडा पडला की पहिल्याच पावसात माती खाली येते आणि कोंड, म्हणजे नदीतला खोल डोह, भरायला लागतो, मग पुढची अधिसूचना कितीही भक्कम असो. 2021 च्या जुलैत चिपळूण बुडालं, तेव्हापासून तिथल्या वाशिष्ठी नदीच्या गाळाबद्दल सगळेच बोलतात; तो गाळ आमच्यासारख्यांच्याच उतारांवरून येतो.

तुमचा सातबारा एकट्याच्या नावावर असेल आणि घरात दुमत नसेल, तर माझं ऐकू नका, वनखात्याकडे समुदाय राखीवचा प्रस्ताव द्या. बाकीच्यांनी आधी वारसनोंदी उरकाव्यात. आणि करार केलात तर मसुद्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: काठापासून किती अंतरापर्यंत वाळलेलं लाकूडही उचलायचं नाही, आणि कोंडावर जाणारी गावाची पायवाट कुणालाही बंद करता येणार नाही. दुसरी अट आम्ही घातली, तेव्हा गावातूनही लोक सह्यांसाठी आमच्या नातेवाइकांच्या मागे लागले.