आईसाठी घेतलेली सहा इंची गादी आणि तिच्या पोटातलं पॅकिंग

माझी आई ७४ वर्षांची. दोन वर्षांपासून तिला मणक्याचा त्रास आहे. जन्मभर ती कापसाच्या गादीवर वाकळ टाकून झोपली. पण त्या कापसाच्या आता नुसत्या गाठी झाल्यात, आणि दारात येऊन गादी पिंजून देणारा पिंजारीही आमच्या भागात फिरकत नाही. डॉक्टर म्हणाले, "फार मऊ नको, फळीसारखी कडक पण नको. मधली बघा." म्हणून गेल्या दसऱ्याच्या आधी मी फोमची गादी बघायला बाहेर पडलो. १४,४०० रुपये मोजून जे घरी आणलं ते नक्की काय होतं, हे कळायला मला चार महिने लागले. सणाच्या ऑफरमध्ये गादी घ्यायला निघालेल्या एखाद्या घराचे तरी पैसे वाचावेत म्हणून सगळं लिहितोय. दुकान कोल्हापुरातलंच आहे, नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही.

दुकान स्वच्छ, माणसं गोड बोलणारी. काउंटरवर वीतभर रुंदीचा कापलेला नमुना ठेवला होता. खाली चार इंच घट्ट करडा फोम, वर दोन इंच मेमरी फोम. "काका, हात दाबून बघा की," दुकानदार म्हणाला. मी दाबला. पंजाचा ठसा उमटला आणि हळूहळू भरून आला. हात दाबून काढला की खरा मेमरी फोम असाच वागतो, त्यात काही खोट नव्हती. मग तो म्हणाला, हा नासानं काढलेला फोम आहे. तेही खरं आहे. १९६६ साली नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी विमानाच्या आसनांकरता हा फोम तयार केला. पण नासानं फोम शोधला म्हणून समोरच्या गादीत तोच भरलाय असं होत नाही. हे मला त्या वेळी सुचलं नाही.

कार्डावर मोठ्या अक्षरात 'ऑर्थोपेडिक' लिहिलं होतं. मणक्याच्या माणसासाठी गादी घेताना हा शब्द डोळ्यांत भरतोच. नंतर डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, तो शब्द कोणीही छापू शकतं, त्याचा तुमच्या आईच्या पाठीशी काही संबंध नाही. 'कडक तेवढी चांगली' हाही समज खोटा, असं त्यांनी सांगितलं. २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना दोन प्रकारच्या गाद्या दिल्या आणि ९० दिवसांनी बघितलं, तर कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपलेल्यांना जास्त आराम पडला होता.

पुण्याच्या धाकट्या भावाला दाखवायचं म्हणून मी दुकानदाराला सगळा तपशील व्हॉट्सॲपवर टाकायला लावला. त्यानं लिहून पाठवलं: सहा बाय तीन, सहा इंची, खाली चार इंच ४० डेन्सिटी एचआर फोम, वर दोन इंच ५० डेन्सिटी मेमरी फोम, कव्हरला चेन. (एचआर म्हणजे हाय रेझिलिअन्स, दाबून सोडला की लगेच वर येणारा फोम. डेन्सिटीचा हिशेब पुढे येतोच.) हा एक मेसेज माझ्याकडे राहिला, हे माझं नशीब.

गादीवर ३२,००० चं एमआरपीचं स्टिकर होतं आणि त्यावर दसरा ऑफर ५५ टक्के सूट. पैसे देताना मी बिल मागितलं. तो म्हणाला, "काका, पक्कं बिल केलं की वर १८ टक्के जीएसटी लागतोय. कशाला उगंच? वॉरंटी कार्ड आहेच की दहा वर्षांचं." एमआरपी म्हणजे सगळे कर धरूनची किंमत, मग तिच्यावर सूट दिल्यावर वेगळा कर कुठून आला? एवढा प्रश्न तरी मी विचारायला हवा होता. मी 'एस्टिमेट' असं छापलेल्या चिठ्ठीवर समाधान मानलं. तिच्यावर फक्त 'गादी १ नग' आणि रक्कम. ना जीएसटी क्रमांक, ना डेन्सिटी. क्यूआर कोड स्कॅन केला तर पैसे दुकानाच्या नावावर न जाता कुठल्या तरी व्यक्तीच्या खात्यावर गेले. तेही बघून मी गप्प बसलो.

संध्याकाळी टेम्पो आला. पोरगा विशीतला. त्यानं प्लॅस्टिकमध्ये बांधलेली गादी एका हातानं खांद्यावर टाकली आणि आमचे दोन जिने न थांबता चढून आला. मी त्याचं कौतुक केलं, पाणी दिलं. गादीला चेन नव्हती, चारी बाजूंनी शिलाई घातली होती. मी फोन केला तर उत्तर आलं, "नवीन मॉडेल आहे काका, शिलाई जास्त टिकतीया." आईला त्या रात्री छान झोप लागली. ती म्हणाली, "चांगली हाय बाळ." मला फार बरं वाटलं होतं.

दोन महिन्यांत कमरेच्या जागी खड्डा पडायला लागला. आई कुशीवर वळली की आतून करकर असा बारीक आवाज यायचा, थर्माकोल घासल्यासारखा. जानेवारीत ती म्हणाली, "मधी खाली बसतीया रं ही. उठताना कमरेत कळ येती. मला खालीच वाकळ टाकून दे." बारा महिने सोसणारी माझी आई, तिनं स्वतःहून गादी नको म्हटलं.

एका रविवारी मी ब्लेड घेतलं आणि उशाकडच्या बाजूची शिलाई उसवली. वर मेमरी फोम होता, पण अर्धा इंच. फूटपट्टी लावून मोजला. त्याखाली पांढरा, स्पंजसारखा हलका फोम, साडेतीन इंच. दोन बोटांत धरला तर बोटं एकमेकांना भिडली. आणि सगळ्यात खाली दोन इंच जाडीचा पांढरा चकचकीत थर, पातळ पातळ पट्ट्या गोंदानं चिकटवलेल्या. हे मी ओळखलं, कारण आमच्या घरी फ्रीज आला तेव्हा त्याच्या कोपऱ्यांना हेच गुंडाळलं होतं. त्याला ईपीई शीट म्हणतात. पॅकिंगला ते उत्तम असतं. पण माणसाच्या वजनाखाली रोज दाबलं की चेपतं आणि परत वर येत नाही. आईच्या कमरेचा खड्डा आणि रात्रीची करकर, दोन्ही त्या थरातून आलं होतं.

मी शिवाजी उद्यमनगरात ओतकामाच्या कारखान्यात आहे. आमचा सगळा दर वजनावर. प्रत्येक कास्टिंग काट्यावर चढल्याशिवाय गाडीत जात नाही. तिथल्याच काट्यावर मी गादी ठेवली. कव्हर धरून ६ किलो ४०० ग्रॅम.

डेन्सिटी म्हणजे दुसरं तिसरं काही नसून एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. ४० डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ४० किलो. एका घनमीटरात ३५.३ घनफूट बसतात. माझी गादी सहा फूट गुणिले तीन फूट गुणिले अर्धा फूट, म्हणजे नऊ घनफूट. त्यातले खालचे चार इंच म्हणजे सहा घनफूट, ४० च्या हिशेबानं ६ किलो ८०० ग्रॅम. वरचे दोन इंच म्हणजे तीन घनफूट, ५० च्या हिशेबानं सव्वाचार किलो. फोमच ११ किलो व्हायला हवा, कव्हर किलोभर, एकूण १२. मला मिळालं त्याच्या जवळपास निम्मं. तो पोरगा जिने का पळत चढला हे मला काट्यावरचा आकडा बघून समजलं.

म्हणून पहिली गोष्ट, गादी ताब्यात घेण्याआधी तोलून बघा. घरातल्या माणसाच्या वजनकाट्यावरसुद्धा जमतं. आधी एकटे उभे राहा, मग गादी उचलून उभे राहा, आणि फरक काढा. दुकानदाराला राग आला तर येऊ दे. पण नुसत्या वजनावरही जाऊ नका. रीबॉन्डेड फोम, म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला, तो बराच जड असतो. कडक बैठक हवी असेल तर खालच्या थराला तो वाईट नाही, पण एचआर किंवा मेमरीच्या भावात तो माथी मारला तर ती फसवणूकच. आत रंगीबेरंगी ठिपके दिसले की तो ओळखावा. काही ठिकाणी फोम बनवतानाच कॅल्शियम कार्बोनेटची पूड मिसळून वजन वाढवतात. असा फोम लवकर भुगा व्हायला लागतो. म्हणून चेन असलेलंच कव्हर घ्या आणि ती दुकानात, पैसे देण्याआधी, स्वतःच्या हातानं उघडा. काउंटरवरच्या नमुन्याला काही अर्थ नाही. घरी येणार तीच गादी उघडून बघा. चेन उघडू देत नसेल तर तिथून उठा. झोपूनही बघा, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर दहा मिनिटं तरी. मी आईला सोबतच नेलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुकानात परत गेलो तेव्हा आधी म्हणाला, फोम थोडा बसणारच. मग म्हणाला, कॉटची फळी वाकडी असणार. फोटो दाखवले तर म्हणाला, "तुम्ही शिलाई उसवली न्हवं, आता वॉरंटी संपली." वॉरंटी कार्ड नीट वाचलं, तर दीड इंचापेक्षा कमी खड्डा त्यात धरतच नाहीत, आणि कंपनीचा पत्ताही छापलेला नाही. बंद पाकिटातल्या मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं २०११ च्या वैधमापन नियमांनी बंधनकारक आहे. माझ्या गादीवर लोगो आणि किमतीचं स्टिकर, एवढंच होतं.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी तक्रार नोंदवून घेतली आणि जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता सांगितला. मला वाटत होतं, पक्कं बिल नाही म्हणजे आपलं सगळं संपलं. तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत करायची असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ओळखीच्या वकिलांनी व्हॉट्सॲपचा मेसेज, पैसे गेल्याची नोंद, एस्टिमेट आणि काट्यावरचा फोटो लावून नोटीस तयार करून दिली. नोटीस पोचल्यावर आठवड्यात दुकानातून फोन आला, ५,००० घ्या आणि विषय संपवा. मी घेतले नाहीत. पाच हजार घेऊन गप्प बसलो असतो तर तीच गादी पुढच्या दसऱ्याला दुसऱ्या कुणाच्या आईखाली गेली असती. तक्रार आता आयोगात दाखल आहे.

आईसाठी मार्चमध्ये दुसरी गादी घेतली. या वेळी तिला बरोबर नेलं. चेन उघडली, थर मोजले, आणि पक्क्या बिलावर प्रत्येक थराची जाडी आणि डेन्सिटी लिहून घेतली. दुकानदारानं कुरकुर न करता लिहून दिलं, आणि तोलायला काटाही त्यानंच आणून दिला.

जुनी गादी माळ्यावर आहे, शिलाई उसवलेली, तशीच. बायको म्हणते टाकून द्या, जागा अडते. आयोगाचा निकाल लागेपर्यंत मी ती टाकणार नाही.