बेसप्लेट होकायंत्र : अकरा महिने वापरल्यानंतर

आधीच सांगते, मला होकायंत्राची हौस वगैरे काही नव्हती. मनगटावर जीपीएसचं घड्याळ, खिशात मोबाईल, आणि धावायचं कुठे तर वेताळ टेकडी, फार तर कात्रज ते सिंहगड. तिथे दिशा चुकलीच तर पुढच्या टेकडीवर कुणीतरी ताक विकत बसलेलं असतं, त्याला विचारायचं.

घेतलं ते एका धावेसाठी. मावसबहीण मँचेस्टरला असते. तिच्याकडे मेमध्ये जायचं ठरलं, तेव्हा 'पेनाइन वे' या तिथल्या लांब पल्ल्याच्या पायवाटेचा सुरुवातीचा तुकडा धावून काढायचा असं डोक्यात आलं. पूर्ण वाट एडेलपासून स्कॉटलंडमधल्या कर्क येथोमपर्यंत, साधारण ४३१ किलोमीटर. १९६५ साली खुली झाली. माझा बेत लहान होता : एडेलहून किंडर स्काउट, ब्लीकलो, ब्लॅक हिल असं करत स्टॅंडेजला पोचायचं आणि मार्सडेन स्टेशनात उतरून गाडी पकडायची. पंचेचाळीसेक किलोमीटर. यातलं सगळ्यात उंच किंडर, तेही फक्त ६३६ मीटर. 'अगं, आपली वेताळ टेकडी याहून उंच आहे,' असं नवरा म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं. पण तिथे त्रास उंचीचा नसतो. वर माथा सपाट, झाड नाही, घर नाही, आणि पायाखाली पीट. पाण्यात बुडून राहिल्यामुळे वनस्पती पुरत्या कुजतच नाहीत, त्यांचे थरावर थर चढत जातात, आणि हजारो वर्षांनी त्याची काळी लिबलिबीत जमीन होते. त्यात पाण्याने कापलेल्या ओघळी, पुरुषभर खोल. एका ओघळीत उतरून बाहेर आलं की सगळ्या दिशा सारख्याच. त्यात धुकं.

म्हणून हे होकायंत्र. पारदर्शक पट्टी, फिरती तबकडी, १:२५,००० आणि १:५०,००० च्या मोजपट्ट्या. किंमत अठ्ठावीसशे रुपये, पुण्यातच घेतलं.

पहिले चार महिने मी त्याच्या प्रेमात होते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. एकाची प्रिंट काढून लॅमिनेट केली आणि दर रविवारी टेकडीवर सराव. नकाशावर पट्टी ठेवायची, तबकडी फिरवायची, सुई तबकडीवर आखलेल्या बाणाच्या घरात आणायची. वेताळ टेकडीवरून सिंहगड बरोबर २०० अंशांवर येतो. तो माझा कायमचा तपासणीचा आकडा झाला. किती अंतर आलो ते कळावं म्हणून पावलंही मोजली. सपाटीवर हळू धावताना शंभर मीटरला माझी पंचेचाळीस जोडपावलं (डावं-उजवं मिळून एक) होतात. चिखलात किती होतात हे बघायला जुलैत मुळशीला गेले. लावणी झालेल्या भातखाचरांशेजारी एक पडीक, पाणी साचलेला तुकडा होता, मालकांना विचारून त्यात शिरले. गुडघ्यापर्यंत पाय, हातात होकायंत्र, तोंडाने आकडे. सत्तर जोडपावलं. बांधावरून आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, 'ताई, रस्ता पलीकडनं हाय की!'

आता तक्रारी. पहिलीत चूक माझी. धावायच्या जॅकेटच्या एकाच खिशात मोबाईल आणि हे, दोन्ही कोंबत होते. मोबाईलच्या कव्हरला चुंबकाचं बटण. नोव्हेंबरात एके सकाळी टेकडीवर मोजलं तर सिंहगड २० अंशांवर, म्हणजे थेट भोसरीत! सुईचे ध्रुव चक्क उलटे झाले होते. घरी फ्रिजवरचा जाड चुंबक सुईच्या टोकावर दहा-बारा वेळा एकाच दिशेने फिरवला तेव्हा सरळ झाली. तेव्हापासून होकायंत्र उजव्या बाजूला, मोबाईल डाव्या. आणि एक : सिंहगडावर कातळावर टेकवून वाचायचं नाही. आपल्या बेसाल्टमध्ये लोहचुंबकी खनिज असतं, सुई सरकते. हातात धरूनच वाचावं.

दुसरी तक्रार मात्र विकणाऱ्यावर. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण 'परदेशात चालेल ना?' असं मी दोनदा विचारलं होतं. 'मॅडम, उत्तर सगळीकडे उत्तरच.' हे ऐकायला बरोबर वाटतं. पण पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर नसतात. पुण्यात त्या जरा तिरक्या जमिनीत शिरतात, आणि इंग्लंडच्या उत्तरेत जवळजवळ उभ्या. सुई आडवी राहावी म्हणून कारखान्यात तिचं एक टोक पृथ्वीवरच्या त्या त्या पट्ट्यानुसार किंचित जड करतात. आपल्याकडच्या पट्ट्याची सुई तिकडे नेली की लाल टोक खाली झुकतं आणि तळाला घासतं. हे मला कळलं कुठे, तर ब्लीकलोवर.

सकाळ छान होती. जेकब्ज लॅडर चढून किंडरच्या कडेकडेने धबधब्यापर्यंत पोचले. जुनी वाट पूर्वी ग्राइंड्सब्रुकमधून थेट माथ्यावरून जायची, पावलांनी पीट झिजलं म्हणून ती कडेला हलवली. माझ्या पहिल्या बेतात ती जुनी वाटच होती, पण जे सावरायला लोक वर्षानुवर्षं खपतायत ते तुडवायला मन झालं नाही. मिल हिलच्या पुढे स्नेक रस्त्यापर्यंत पीटवरून मोठमोठ्या दगडी लाद्या टाकल्यात. त्यावर पाय मोकळे सुटले. मग ब्लीकलो, ६३३ मीटर, आणि माथ्यावरच्या दगडांच्या राशीपाशी धुकं आलं. पश्चिमेला निघायचं होतं. धावता धावताच वाचलं, सुई स्थिर दिसली. स्थिर होती कारण ती अडकली होती. मी उत्तरेकडे सरकत गेले आणि अर्ध्या किलोमीटरवर ओघळींच्या जाळ्यात. हिरव्यागार शेवाळावर पाय ठेवला आणि मांडीपर्यंत आत. भाताचं खाचर निदान तळ दाखवतं, इथे तळ नव्हता. पांढरे कापसासारखे तुरे असलेल्या गवताचा बुंधा धरून बाहेर आले. मग थांबून होकायंत्र डोळ्यांसमोर आणलं आणि तिरकं करत गेले. एका कोनाला सुई सुटली आणि झुलत झुलत भलतीकडेच जाऊन थांबली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. घड्याळानेही तेच सांगितलं. चाळीस मिनिटं गेली. अंतर आणि चढ धरून डोंगरात लागणारा वेळ काढायच्या नेस्मिथच्या १८९२ च्या हिशोबात माझा धावण्याचा वेग घालून साडेनऊ तास काढले होते, मार्सडेनला पोचायला पावणेअकरा लागले.

परत आल्यावर वाचताना अलिबागच्या वेधशाळेची आठवण झाली. मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेची चुंबकीय निरीक्षणं १९०४ मध्ये अलिबागला हलवली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या. सुई इतकी हळवी असते हे शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांना माहीत होतं, आमच्या दुकानदाराला नाही.

तर घ्यावं का? सह्याद्रीसाठी बिनधास्त. तबकडी पावसाळ्यातही अडकत नाही, आकडे पुसट झालेले नाहीत, उन्हात गाडीच्या डिकीत राहूनही आतल्या द्रवात बुडबुडा आला नाही. फक्त फिरवायची कड गुळगुळीत आहे, ओल्या बोटांनी निसटते. देशाबाहेर न्यायचं असेल तर मात्र कुठल्याही पट्ट्यात चालणाऱ्या, म्हणजे 'ग्लोबल' सुईचं घ्या. महाग पडतं, जवळपास दुप्पट. मी स्टॅंडेजच्या पुढच्या टप्प्यासाठी तेच मागवलंय. हे आता वेताळ टेकडीला असतं. तबकडीच्या खाचेत ब्लीकलोचं पीट बसलंय, टूथब्रशनेही निघत नाही.