५.१ रिसीव्हर, दिवाळी ते पावसाळा: स्पीकर बदलण्याआधी क्रॉसओव्हर बघा

वळवाच्या पावसात विजा कडाडल्या, लाइट गेले, आले, पुन्हा गेले, आणि माझ्या ५.१ रिसीव्हरचा, म्हणजे टीव्हीचा आवाज पाच स्पीकर आणि एका सबवूफरला वाटून देणाऱ्या मशीनचा, एचडीएमआय पोर्ट मेला. वॉरंटी होती म्हणून बोर्ड फुकट बदलून मिळाला, तेवढं श्रेय देते. पण मशीन घरी आलं ते कोरं. दिवाळीपासून एकेक करून बसवलेली सगळी सेटिंग पुसलेली. सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर उत्तर मिळालं, "मॅडम, सेटिंग वॉरंटीत येत नाही. सर घरी असतील तेव्हा माणूस पाठवतो, व्हिजिट चार्ज लागेल." हे मशीन मी निवडलंय, पैसे मी भरलेत, वायरी मी ओढल्यात. सरांचा काय संबंध? व्हिजिट चार्ज दिला नाही. सगळं पुन्हा स्वतः बसवलं, आणि आता आवाज आधीपेक्षा चांगला आहे.

माझा संच साधा आहे: समोर छोट्या बुकशेल्फ स्पीकरची जोडी, मध्ये सेंटर, मागे दोन छोटे, आणि आठ इंची सबवूफर, म्हणजे फक्त बास (खालचे जाड सूर) वाजवणारा 'सब'. कर्वेनगरच्या फ्लॅटमधला १४ बाय ११ चा हॉल, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला बाल्कनीची सरकती काच. वायर तपकीर गल्लीतून आणली, १४ गेज. घेताना एक टोक सोलून, खरवडून बघा. वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम अशी वायर बाजारात सर्रास मिळते, आणि दिसायला हुबेहूब सारखी असते.

आता मुद्द्याचं. रिसीव्हरसोबतचा मायक्रोफोन लावून ऑटो सेटअप (मशीन खोलीतला आवाज मोजून स्वतःच सेटिंग बसवतं ती सोय) चालवला की हे मशीन माझ्या पाच इंची बुकशेल्फला दर वेळी 'लार्ज' ठरवतं. दिवाळीत ठरवलं, बोर्ड बदलल्यावर पुन्हा ठरवलं. मेनूतल्या 'लार्ज'चा स्पीकरच्या आकाराशी संबंध नाही. या स्पीकरला अगदी तळापर्यंतचा सगळा बास द्या, त्यातला काही सबकडे वळवू नका, एवढाच त्याचा अर्थ. माझे स्पीकर भिंतीजवळ आहेत. भिंतीमुळे खालचा आवाज फुगतो, माइकला तो ऐकू येतो, आणि मशीन समजतं की स्पीकर दमदार आहे.

परिणाम असा की ४० हर्ट्झचा (हर्ट्झचा आकडा जितका लहान, तितका सूर खालचा) दणका पाच इंची कोनवर, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावर, जातो. तोच कोन त्याच वेळी माणसाचा आवाजही वाजवत असतो. बासमुळे तो लांबवर आतबाहेर हलला की त्याच्यावरचं बोलणं खरखरीत होतं. शिवाय बासला ताकद सगळ्यात जास्त लागते, म्हणजे रिसीव्हरच्या ॲम्प्लिफायरची दमछाक होते ती वेगळीच. इकडे स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला सब कोपऱ्यात जवळजवळ रिकामा बसून असतो. पैसे मोजून आणलेली वस्तू रिकामी बसलेली मला सहन होत नाही.

उपाय फुकट आहे. मॅन्युअल सेटअपमध्ये स्पीकर कॉन्फिगरेशन उघडून सगळे स्पीकर 'स्मॉल' करा. मग क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज स्पीकरऐवजी सबकडे जातो तो आकडा: समोरचे ८०, सेंटर १००, मागचे १२० हर्ट्झ. ८० हा आकडा टीएचएक्सनं, म्हणजे सिनेमाच्या आवाजाचे दर्जे ठरवणाऱ्या कंपनीनं, रूढ केला. त्याच्या खालचा आवाज कुठल्या दिशेनं येतोय हे कानाला नीट सांगता येत नाही, त्यामुळे तो सबकडे गेला तरी पडद्यावरच्या चित्रापासून तुटल्यासारखा वाटत नाही. तुमच्या स्पीकरच्या खोक्यावर ५५ हर्ट्झपासून वाजतो असं लिहिलं असेल तर ८० ठीक. ७० लिहिलं असेल तर १०० करा. माझ्या मशीनमध्ये एक अट आहे: ऑटो सेटअपनं ठरवलेला क्रॉसओव्हर वर न्यायचा, खाली आणायचा नाही, कारण त्या आकड्याच्या खाली मशीननं त्या स्पीकरचा आवाज खोलीनुसार सुधारलेलाच नसतो.

याच्या जोडीला दोन गोष्टी तपासा. सबच्या पाठीमागचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर फिरवा, नाहीतर रिसीव्हर एकदा कापतो, सब पुन्हा कापतो आणि मध्ये खड्डा पडतो. आणि सबच्या मेनूत 'एलएफई प्लस मेन' निवडू नका (एलएफई म्हणजे सिनेमातला खास सबसाठीचा बास). त्यात तोच बास स्पीकरही वाजवतो आणि सबही, आणि आवाजाचा चिखल होतो. एलएफईचा लो-पास, म्हणजे त्याची वरची मर्यादा, १२० वरच राहू द्या.

हे करून आईला मालिका लावून दिली. आई तोवर रिमोट हातात धरूनच बसायची, बोलणं आलं की वाढव, पार्श्वसंगीत आलं की कमी कर. दुकानदाराचा सल्ला होता मोठा सेंटर घ्या. त्याची किंमत ऐकून मी दुकानातून बाहेर आले. ५.१ मध्ये बहुतेक संवाद सेंटरमधूनच येतात, त्यामुळे आधी त्याच्याकडे बघायला हवं हे खरंच, पण म्हणून तो बदलायलाच हवा असं नाही. टीव्हीखालच्या फळीत आत ढकललेला सेंटर पार कडेपर्यंत ओढला, पुढच्या बाजूला खाली दाराचा रबरी स्टॉपर सरकवून तोंड सोफ्यावर बसणाऱ्याच्या कानाकडे केलं, आणि लेव्हल दीड डेसिबल वाढवली. माळ्यावरची जाड सतरंजी टाइल्सवर अंथरली, काचेवर पडदा ओढला. आई आता रिमोट टीपॉयवर ठेवून मालिका बघते. माझ्यासाठी या संचाचा यापेक्षा मोठा निकाल नाही.

डायनॅमिक ईक्यू, म्हणजे कमी आवाजात बास आपोआप वाढवणारं सेटिंग, त्याबद्दल माझं मत मधल्या काळात बदललं. थंडीत मैत्रिणीला मी ठामपणे सांगितलं होतं, बंद ठेव, नुसता घुमतो. तेव्हा कान जे सांगत होते तेच बोलले होते, कारण समोरचे स्पीकर 'लार्ज' होते आणि बास मुळातच गढूळ होता. आता ते चालूच असतं. आवाज कमी केला की आपल्या कानाला बास इतर सुरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून मांडलं होतं. डायनॅमिक ईक्यू ती तूट भरून काढतं. पण त्याचा हिशोब सिनेमाच्या पातळीवर बेतलेला आहे, म्हणजे प्रत्येक स्पीकरमागे सरासरी ८५ डेसिबल आणि शिखर १०५. टीव्हीवरचे कार्यक्रम तसे मिसळलेले नसतात. म्हणून रेफरन्स ऑफसेट (ही भर किती कमी करायची ते सांगणारं सेटिंग) सिनेमाला ०, टीव्हीला १० ठेवते. रात्री खालच्या मजल्यावरचे काका-काकू झोपलेले असताना कमी आवाजातही सिनेमा भरलेला वाटतो, ही या मशीनची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

घुमण्याचं दुसरं कारण खोली. १४ फूट म्हणजे साधारण ४.२७ मीटर. एवढ्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपास आवाज ठाण मांडतो, आणि ते कुठलंही बटण पूर्ण काढू शकत नाही. सब सोफ्यावर ठेवून बासचं गाणं लावलं, भिंतीच्या कडेनं रांगत ऐकलं, आणि जिथे बास सपाट वाटला तिथे सब नेऊन ठेवला. ती जागा कोपरा नव्हती, शोकेसच्या बाजूची निघाली.

माइक लावताना पंखा बंद, फ्रिज बंद, कुकर गॅसवर नको. माइक उशीवर न ठेवता स्टँडवर, कानाच्या उंचीवर. सबचं अंतर टेपनं मोजलेल्यापेक्षा जास्त दाखवलं तर ते तसंच राहू द्या. सबच्या आतल्या सर्किटमध्ये आवाजाला जो उशीर होतो, तो मशीन अंतर वाढवून भरून काढतं. इन्स्टॉलेशनला आलेल्या माणसानं 'सेफ्टीसाठी' म्हणून मेनूतला इम्पिडन्स (स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप) ४ ओहम करून ठेवला होता. माझे स्पीकर ८ ओहमचे आहेत, त्यांना या सेटिंगनं फायदा काहीच नाही, ताकद तेवढी घटते. तो मी त्याच दिवशी परत ८ केला.

मशीन घ्या असं मी सांगेन. ऑटो सेटअपच्या भरवशावर सोडू नका आणि मेन्सला सर्ज प्रोटेक्टर लावा. दुरुस्तीला देण्याआधी सेटिंग सेव्ह करायची सोय बघा. माझ्या मॉडेलमध्ये ती घरच्या वायफायवरून ब्राउझरमध्ये उघडते, पण पुस्तिकेत कुठेतरी आत दडलेली आहे. सेव्ह नाही झालं तर निदान प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढा. सर्व्हिस सेंटरला मी लेखी कळवलं आहे की जॉब शीटवर 'दुरुस्तीत सेटिंग पुसली जाईल' अशी एक ओळ छापा. अजून उत्तर नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा पत्र टाकते आहे, काही आलं तर इथेच लिहीन.