नवं मराठी पुस्तक घ्यायचंय: दुकानात जायचं, साईटवर मागवायचं, की थेट प्रकाशकाला मेसेज टाकायचा?

वाचकांच्या ग्रुपवर प्रश्न कायम असाच येतो, नवीन मराठी काहीतरी वाचायचंय, वर्षाचे चार-पाच हजार त्यासाठी बाजूला काढलेत, कुठून घेऊ? आणि खाली पहिलं उत्तर ठरलेलं, ऑनलाइन घे गं, स्वस्त पडतं. आता खरंच पडतं का ते बघू. मी कुठल्या बाजूची आहे ते आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. माझ्या मते सवलतीचे चाळीस-पन्नास रुपये हा किरकोळ हिशोब आहे, खरा खर्च म्हणजे हौसेनं घेतलेलं आणि विसाव्या पानावर सोडून दिलेलं पुस्तक. चारशेचं पुस्तक वीस टक्के सवलतीत आणलं आणि ते कपाटात धूळ खात पडलं तर ऐंशी रुपये वाचले म्हणायचं की तीनशे वीस गेले म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

म्हणून आधी स्वतःला एकच विचारा, पुस्तकाचं नाव माहितीय का? कारण नाव माहीत असणं आणि नसणं यात उत्तर पार बदलतं आणि लोक नेमकं तेच न बघता भांडत बसतात.

नाव, लेखक, प्रकाशन सगळं पक्कं असेल तर ऑनलाइनला तोड नाही, उगाच भावुक होण्यात अर्थ नाही. तुम्ही परभणीत किंवा सावंतवाडीत राहता आणि पुस्तक पुण्यात छापलंय तर ते तुमच्या गावात आपोआप येईल ही आशा सोडा, मराठीत वितरण ही इतकी लंगडी गोष्ट आहे की लातूरला छापलेलं पुस्तक पुण्याला पोचत नाही आणि पुण्याचं लातूरला. तिथे साईट लागतेच. फक्त सगळ्या साईट एका मापाच्या नाहीत. मोठ्या साईटवर मराठी पुस्तक बऱ्याचदा कुणीतरी तिसराच विक्रेता विकत असतो आणि प्रत दुर्मीळ झाली की छापील किमतीच्या वर भाव लावून बसतो, त्यामुळे मागवण्याआधी प्रकाशकाच्या साईटवर मूळ किंमत काय आहे ते बघायची सवय लावा. दुसरं म्हणजे नकली प्रती. जोरात खपणारी पुस्तकं, विशेषतः आयुष्य बदला, श्रीमंत व्हा छाप अनुवाद, सर्रास पायरेटेड येतात, निम्म्या किमतीत मिळतंय म्हणून खूश व्हायचं आणि मग पातळ कागद, पुसट छपाई, दुसऱ्यांदा उघडलं की पानं हातात.

बुकगंगाचं तसं नाही, ती मराठी पुस्तकांसाठीच उभी राहिलेली साईट आहे, प्रकाशन आणि लेखकानुसार शोधता येतं आणि मला सगळ्यात कामाची वाटते ती सोय म्हणजे बऱ्याच पुस्तकांची काही पानं आधी चाळून बघता येतात. ही पानं वाचा. मलपृष्ठ वाचू नका, मलपृष्ठावर मराठीतलं प्रत्येक पुस्तक अंतर्मुख करणारंच असतं.

ई-बुकचं थोडक्यात, किंडलवर मराठी २०१६ पासून आहे, पण नवं ललित साहित्य तिथे सगळं येत नाही, काही प्रकाशक देतात काही अजिबात देत नाहीत. प्रवासात ठीक. नवं वाचायचा मुख्य रस्ता म्हणून नाही.

प्रकाशकाकडून थेट घेणं हा पर्याय मात्र लोक विसरतात. प्रकाशनपूर्व सवलत नावाचा जो प्रकार असतो त्यात पुस्तक यायच्या आधी पैसे भरले की सवलत बऱ्यापैकी मिळते, दुकानाच्या दुप्पट-तिप्पटसुद्धा, विशेषतः जाडजूड ग्रंथ किंवा दोन-तीन खंडांचा संच असेल तर, आणि पैसे सगळे प्रकाशकाच्या हातात जातात, मध्ये कुणी नाही. ज्यांचं पुस्तक येतंय त्या प्रकाशनाचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर असतो, मेसेज टाकायचा, जीपे करायचं, पत्ता पाठवायचा. अडचण दोन. एक, तुम्ही न बघता घेताय, म्हणजे लेखकावर आधीच विश्वास हवा. दुसरी टपाल. वर्षानुवर्षं छोटे प्रकाशक रजिस्टर्ड बुकपोस्टवर जगत होते, पाच किलोचं पुडकं स्वस्तात देशभर जायचं, ती सेवा टपाल खात्यानं डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली आणि सगळ्यांची धावपळ झाली. मग मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोला १०० रुपये असा दर आहे, वर कर. म्हणजे एक पुस्तक मागवलं की टपालाचा बोजा जाणवतो, चार एकदम मागवली की काहीच वाटत नाही. मैत्रिणींनी मिळून मागवा, सोसायटीत दोन वाचणारे असतील तर त्यांना धरा. आणि प्रकाशकाला सरळ विचारा, ज्ञान पोस्टनं पाठवाल का, नाहीतर कुरिअरनं येतं आणि पुस्तक दीडशेचं, कुरिअर ऐंशीचं असं होतं.

आता दुकान. इथे मी जरा जास्त थांबणार.

नाव माहीत नसेल, नुसतं नवं काय आलंय, मला काय आवडेल, एवढाच प्रश्न असेल, तर दुकानाइतकं चांगलं उत्तर दुसरं कुणी देत नाही. साईट काय सुचवते? जे खपतंय ते. एकदा तुम्ही मुलासाठी स्पर्धा परीक्षेचं पुस्तक मागवलं की पुढचे सहा महिने ती तुम्हाला चालू घडामोडीच दाखवत राहणार. फेसबुकच्या ग्रुपवर काय असतं, लेखकाचे मित्र एकमेकांची पुस्तकं उचलून धरतात, वाईट असं कुणी लिहितच नाही, उद्या संमेलनात समोर यायचंय ना. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत परीक्षणं येतात पण जागा आटत चाललीय आणि त्यातलीही बरीच म्हणजे पुस्तकाचा सारांश. इन्स्टावर मराठी पुस्तकांबद्दल बोलणारी तरुण पोरं आहेत, त्यातली काही खरंच चांगलं वाचतात, फक्त ज्यांच्या प्रत्येक रीलमध्ये प्रत्येक पुस्तक अप्रतिम असतं त्यांना सोडून द्या.

दुकानातला जुना माणूस याच्या उलट चालतो. तो तुम्हाला आधी विचारतो. दादरला एका काउंटरवर ऐकलेला संवाद सांगते, एक बाई वडिलांसाठी काहीतरी ऐतिहासिक मागत होत्या, काउंटरवरच्या काकांनी विषय नाही विचारला, म्हणाले, "ताई, वडिलांची नजर कशी आहे? मोतीबिंदूचं काही?" आणि मग तीन पुस्तकं काढून ठेवली, तिन्हींचा टाइप मोठा, एकही जाड नाही, कारण म्हणे, म्हातारी माणसं झोपून वाचतात, जाड पुस्तक छातीवर धरवत नाही. हे कुठल्या फिल्टरमध्ये टाकणार तुम्ही? वर त्यांनी चौथं एक पुस्तक परत फळीवर ठेवलं आणि सांगितलं, हे नका घेऊ, नुसती पल्लेदार वाक्यं आहेत. दुकानदार स्वतःच्या दुकानातलं पुस्तक घेऊ नका म्हणतो, त्या दुकानात मी पुन्हा जाते.

आणखी एक गोष्ट. मराठीत आता पुस्तक काढणं फार सोपं झालंय, लेखकानं पैसे भरायचे, दोन-तीनशे प्रती छापायच्या, सभागृहात प्रकाशन, संपलं. त्यात एखादं रत्न असतंच, पण शोधायचं कुणी? दुकानदाराला फळीवरची जागा मोजावी लागते, जे पुस्तक तो वर टेबलावर ठेवतो त्यासाठी दुसरं काहीतरी त्यानं खाली सरकवलेलं असतं. ही चाळणी आपल्याला फुकट मिळते.

पण दुकान म्हणजे कुठलंही दुकान नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकानं ढिगानं आहेत, त्यातली बरीच शालेय आणि गाईडची. आणि खरं सांगायचं तर साहित्याची फळी बऱ्याच ठिकाणी त्या गाईडच्या जिवावरच उभी आहे, जूनमधली पाठ्यपुस्तकांची आणि एमपीएससीची विक्री झाली की कवितासंग्रह ठेवायची हिंमत येते. साहित्यच हवं असेल तर तिथेच रसिक साहित्य आहे, बाजीराव रोडला अक्षरधारा, शनिवार पेठेत साधनाचं दुकान, दादरला शिवाजी मंदिरात मॅजेस्टिक आणि छबिलदासच्या गल्लीत आयडियल, फोर्टात पीपल्स बुक हाऊस, तिथे वैचारिक आणि चळवळीचं जे मिळतं ते दुसरीकडे एकत्र दिसत नाही. कोल्हापूरला अजब पुस्तकालयात किंवा अक्षर दालनात गेलात तर त्या भागातल्या लेखकांचं जे दिसेल ते पुण्यात दिसणार नाही. हाच तर छोट्या दुकानाचा फायदा, प्रत्येकाची फळी वेगळी.

पैशांचं काय? दुकानात साधारण दहा टक्के सुटतात, ओळख असेल तर पंधरा. जास्त का देत नाहीत त्याचा हिशोब सोपा आहे, धरा तीनशेचं पुस्तक आहे आणि दुकानदाराला त्यात तीस टक्के सुटतात, म्हणजे नव्वद. तुम्हाला दहा टक्के दिले की उरले साठ. त्यात भाडं, दोन माणसांचा पगार, लाइट, आणि जी पुस्तकं न खपता पिवळी पडली त्यांचा फटका. आता साईटवर तेच पुस्तक पंचवीस टक्के सवलतीत दिसलं की तुम्ही त्याच्या दुकानात उभं राहून, त्यानंच हातात दिलेल्या पुस्तकाचा फोटो काढून, घरी जाऊन मागवता. करतात लोक, सर्रास करतात. कायद्यानं काही चूक नाही, आपल्याकडे तसा कायदाच नाही. फ्रान्समध्ये आहे, १९८१ पासून, नव्या पुस्तकावर पाच टक्क्यांपेक्षा जास्त सवलत द्यायचीच नाही, दुकान असो की साईट, आणि २०२३ पासून लहान ऑर्डरला घरपोच पाठवायचे किमान तीन युरो घ्यायचेच. आपल्याकडे असलं काही येईल असं मला वाटत नाही, पण तिकडे कोपऱ्याकोपऱ्यावर दुकानं टिकलीत त्यामागे हेही एक कारण आहे.

सवलत देणारं दुकान नव्हतंच असंही नाही. मुंबईचं स्ट्रँड घ्या, टी. एन. शानभागांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात छोटा स्टॉल टाकून सुरू केलेलं, वीस टक्के सवलतीसाठी आणि गिऱ्हाईकाची आवड लक्षात ठेवण्यासाठी ते प्रसिद्ध होतं, शानभागांना पद्मश्रीही मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते बंद झालं. शेवटच्या दिवसांत म्हणे पाय ठेवायला जागा नव्हती, सगळे हळहळत होते. पुण्यात कॅम्पातलं मॅनीज त्याआधीच २०१२ मध्ये गेलं. उलट उदाहरणही आहे, फ्लोरा फाउंटनचं किताबखाना २०११ मध्ये उघडलं, डिसेंबर २०२० मध्ये आगीत जळालं आणि मार्च २०२१ मध्ये परत सुरू झालं, आणि तिथे मराठीलाही जागा आहे. इंग्रजी-मराठी दोन्ही वाचत असाल तर एका फेरीत काम होतं, फक्त मराठीसाठी जायचं तर दादरच बरं.

प्रदर्शनांबद्दल माझं मत फार चांगलं नाही, खरं तर. संमेलनातले स्टॉल, गावोगावच्या सभागृहातली प्रदर्शनं, आणि आता २०२३ पासून डिसेंबरात फर्ग्युसनवर होणारा पुणे पुस्तक महोत्सव, गर्दी प्रचंड, सेल्फी प्रचंड. जुनं, मागच्या यादीतलं, संच राहिलेला पुरा करायचा असेल तर उत्तम, कारण प्रकाशक स्वतःची सगळी यादी घेऊन येतो आणि गोडाऊनमधलं निघतं. पण नवं काय घ्यावं हे तिथे कळत नाही, धक्के खात प्रस्तावना कोण वाचणार, आणि स्टॉलवरचा मुलगा चार दिवसांसाठी आणलेला असतो, त्याला विचारलं तर तो जे ढिगानं समोर आहे तेच दाखवणार. "कुठलंही पुस्तक शंभरला" अशा स्टॉलवर तर पिशवी भरते आणि वाचायला काही मिळत नाही.

तर मी पाच हजार कसे वाटीन? तीन हजार दुकानात, दोन-तीन महिन्यांतून एक फेरी, शक्यतो शनिवार-रविवार सोडून, गर्दी नसली की काउंटरवरच्या माणसाला बोलायला वेळ असतो. पहिल्या फेरीत एकच पुस्तक घ्या त्याच्या सांगण्यावरून, पुढच्या वेळी जाऊन सांगा की आवडलं की नाही, नाही आवडलं तर स्पष्ट सांगा, तिसऱ्या फेरीपर्यंत त्याला तुमचा अंदाज येतो. हजार-बाराशे प्रकाशनपूर्वसाठी, ज्या लेखकावर तुमचा जीव आहे त्याच्यासाठी. उरलेले साईटवर, जे जवळ मिळतच नाही त्यासाठी. आणि जवळ बऱ्यापैकी लायब्ररी असेल तर कादंबऱ्या आधी तिथून वाचा, परत परत उघडावंसं वाटलं तरच विकत घ्या, घरात जागा आहे कुठे.

गाव लहान असेल, दुकानच नसेल, तर फोन करा. ही साहित्याची दुकानं पार्सल करतात, बरीच जण व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या पुस्तकांची यादी पाठवतात, आणि फोनवर पाच मिनिटं बोललं तरी तेच ज्ञान मिळतं, फक्त पुस्तक हाताळता येत नाही. परदेशात असाल तर टपालखर्च पुस्तकाच्या वर जातो, तेव्हा बुकगंगावर पानं चाळून यादी करा, पार्सल इथल्या नातेवाइकांच्या पत्त्यावर मागवा आणि येणाऱ्या माणसाच्या बॅगेत दोन किलोची जागा आधी बोलून ठेवा.

लहान मुलांच्या पुस्तकांना मात्र वरचं काही लागू नाही, ती दुकानातच घ्यायची, मुलाला घेऊन. ज्योत्स्ना, प्रथम, एनबीटी (नॅशनल बुक ट्रस्ट) या प्रकाशकांची चित्रांची पुस्तकं इतकी स्वस्त असतात की साईटवर घरपोच पाठवायचा खर्च पुस्तकाच्या किमतीएवढा होतो, आणि चित्रं केवढी आहेत, रंग कसे उतरलेत, पानं चावून टिकतील का हे स्क्रीनवर कळत नाही. मुलाला खाली बसू द्या, दहा पुस्तकं काढू द्या. दुकानदारानं कपाळाला आठ्या घातल्या तर दुकान बदला.